यकृताचा रुग्ण घरी परततो तेव्हा

सिरोसिसच्या रुग्णाला रुग्णालयातून सोडतात, तेव्हा घरच्यांच्या हातात जाडजूड फाइल येते, औषधांची पिशवी येते आणि ‘महिन्याने दाखवायला या’ असे सांगितले जाते. फाइल आणि पिशवी कशीबशी सांभाळता येते; अवघड जातो तो मधला महिना. अमेरिकेतील अनेक अभ्यास एकत्र पाहिले, तर सिरोसिसच्या गुंतागुंतीमुळे दाखल झालेल्या साधारण चार रुग्णांपैकी एक तीस दिवसांच्या आत पुन्हा दाखल होतो. आपल्याकडे घर आणि तज्ज्ञ यांच्यातले अंतर पाहता चित्र याहून चांगले असेल, असे मानायला फारसा आधार नाही. याचा दोष ‘पथ्य पाळले नसेल’ म्हणून रुग्णावर टाकणे सोपे असते, पण खरे कारण बहुतेकदा वेगळे असते. या आजारातल्या जवळजवळ प्रत्येक औषधाची योग्य मात्रा फार अरुंद पट्ट्यात बसते. थोडी कमी झाली तर आजार वर येतो, थोडी जास्त झाली तर मूत्रपिंड किंवा मेंदू अडचणीत येतो. शिवाय हा पट्टा दर आठवड्याला सरकत राहतो, आणि तपासणीची तारीख मात्र महिन्यानंतरचीच असते.

हे असे का होते, हे समजण्यासाठी यकृताची जागा ध्यानात घ्यावी लागते. आतडी आणि प्लीहा यांतून येणारे रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते पोर्टल शिरेतून आधी यकृतात येते, तिथे गाळले जाते आणि मग पुढे जाते. वर्षानुवर्षे दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, अथवा मधुमेह व लठ्ठपणासोबत येणारी यकृतातील चरबी यांमुळे यकृताला इजा होत राहिली, की निरोगी पेशींच्या जागी कडक व्रणाचे जाळे तयार होते. यालाच सिरोसिस म्हणतात. मऊ यकृत असे गाठाळ झाले की रक्ताला वाट मिळत नाही आणि बंधारा घातलेल्या ओढ्याप्रमाणे मागे तुंबारा वाढतो. तुंबलेले रक्त आडवाटा शोधते. अन्ननलिकेच्या तळाशी असलेल्या बारीक शिरा फुगतात आणि फुटू शकतात. पोटात पाणी साठते, म्हणजे जलोदर होतो. आतड्यात तयार होणारा अमोनिया यकृताला वळसा घालून मेंदूपर्यंत पोहोचतो आणि माणूस गोंधळतो. यांपैकी काहीही होण्याआधी, यकृत खराब असूनही काम निभावत असते, तेव्हा रुग्ण सरासरी बारा वर्षांहून अधिक काळ जगतो, असे युरोपातील जुन्या अभ्यासांत दिसले होते. पहिल्यांदा पोटात पाणी झाले, रक्ताची उलटी झाली किंवा भ्रम झाला, की हा आकडा दोन वर्षांच्या आसपास येतो. म्हणून पहिले दाखल होणे हा आजाराचा दुसरा टप्पा सुरू झाल्याचा संकेत असतो, आणि नेमकी हीच गोष्ट डिस्चार्जच्या घाईत घरच्यांना नीट सांगायची राहून जाते.

त्यात रिपोर्ट फसवतात. यकृताच्या रक्ततपासणीतले ‘एसजीपीटी’ नॉर्मल आले की घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहते. पण हा आकडा यकृताच्या पेशी सध्या किती फुटत आहेत एवढेच सांगतो. फुटायला पेशीच फारशा उरल्या नसतील, तर तो अगदी शहाण्यासारखा मर्यादेत राहतो. यकृत काम किती करते, हे काविळीत वाढणारे बिलिरुबिन, यकृतात तयार होणारे प्रथिन अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याचा ‘आयएनआर’ यांवरून कळते, आणि गाडी कुठे निघाली आहे याचा अंदाज सोडियम व मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन यांवरून येतो. त्यातही क्रिएटिनिन हे स्नायूंतून येत असल्याने हातापायांच्या काड्या झालेल्या रुग्णात ते खोटे कमी दिसते. निरोगी माणसात निर्धास्त राहावे असा आकडा याच्यात मूत्रपिंडे थकल्याची खूण असू शकतो. वजनाचेही तसेच. स्नायू पाच किलोंनी झडले आणि पोटात पाच लिटर पाणी भरले, तर काटा जागचा हलत नाही आणि पाहुणे म्हणतात, ‘तब्येत बरी दिसते की.’

जलोदराचे उदाहरण जरा जवळून पाहू, कारण अरुंद पट्टा म्हणजे काय ते इथे सर्वांत स्पष्ट दिसते. पाणी उतरवण्यासाठी बहुतेकदा स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्रुसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या १०० आणि ४० मिलिग्रॅम या जोडीने सुरू करतात. पहिली शरीरात पोटॅशियम साठवते, दुसरी ते बाहेर टाकते, त्यामुळे दोघी मिळून तोल राहतो. पोटातले पाणी रक्तात परत शोषले जाण्याचा वेग मात्र ठरलेला असतो. म्हणून पायांना सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा आणि सूज असेल तर साधारण एका किलोपेक्षा जास्त वजन उतरू नये, असा दंडक आहे. त्याहून वेगाने लघवी झाली तर ते पाणी पोटातून न येता रक्तवाहिन्यांतून जाते. रक्तदाब उतरतो, सोडियम घसरते आणि मूत्रपिंडे काम टाकतात. म्हणजे ‘पाणी लवकर उतरते आहे, औषध लागू पडले’ असे वाटणारा आठवडाच कधी कधी धोक्याचा असतो. उन्हाळ्यात जुलाब लागले, दोन दिवस जेवण गेले नाही, तरी याच गोळ्या त्याच डोसात चालू राहतात, कारण कागदावर तसे लिहिलेले असते. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन करून कॅलेंडरच्या चौकटीत लिहून ठेवणे हा कोणत्याही महागड्या तपासणीइतका उपयोगी उपाय आहे. पण डिस्चार्ज कार्डावर तो लिहिलेला क्वचितच दिसतो.

स्पायरोनोलॅक्टोनची आणखी एक अडचण कोणी बोलून दाखवत नाही. काही पुरुषांची छाती या गोळीने सुजते आणि दुखते. पन्नाशीचा माणूस ही गोष्ट बायकोलाही सांगत नाही. तो गुपचूप गोळी बंद करतो आणि पुढच्या खेपेला पोट पुन्हा टम्म झालेले पाहून डॉक्टर डोस वाढवतात. खरे तर या तक्रारीवर पर्यायी औषध असते. विचारले तरच ते मिळते, आणि विचारायचे कोणी हा प्रश्न राहतो.

मिठाचे गणित स्वयंपाकघरात बिघडते. दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चमचाभर, एवढीच मुभा साधारणपणे असते. घरची बाई भाजी अळणी करते आणि तिला वाटते पथ्य झाले; पण लोणच्याची फोड, पापड, खारी, पाव, फरसाण, सुके बोंबील यांत त्याहून जास्त मीठ निघून जाते. सैंधव चालते हा समज सर्वत्र आहे, परंतु सैंधव हेही मूलतः तेच सोडियम क्लोराइड असते. याउलट दुकानात मिळणाऱ्या ‘कमी सोडियम’च्या मिठात पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, आणि स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याच्या रक्तात पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढवायला ते पुरेसे ठरू शकते. चांगल्या हेतूने आणलेले नारळपाणी रोज दोन-तीन वेळा दिले तर तीच भीती असते. दुसऱ्या टोकाला, मिठाशिवाय घास उतरत नाही म्हणून रुग्ण जेवणच अर्धे करत असेल, तर त्या पथ्याने नुकसानच होते. माझ्या मते उपासमारीपेक्षा चिमूटभर मीठ बरे. पण किती चिमटी, हे त्या रुग्णाच्या सोडियमवर ठरते.

गोळ्यांनी पाणी आवरेनासे झाले की सुईने काढावे लागते. एका वेळी पाच लिटरांपेक्षा जास्त पाणी काढले तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून द्यावे लागते, नाहीतर पुढच्या दिवसांत मूत्रपिंडे बिघडण्याचा धोका असतो. आठ लिटर काढले तर वीस ग्रॅमच्या साधारण तीन बाटल्या लागतात आणि एकेका बाटलीला काही हजार रुपये पडतात. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी थोडे थोडे पाणी काढत राहण्याकडे कल असतो. तिथे एक गोष्ट मात्र राहू नये: दाखल होणाऱ्या जलोदराच्या प्रत्येक रुग्णाचे पाणी थोडे तरी तपासायला पाठवले पाहिजे. या पाण्यात जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असे नाही, पोट दुखेलच असेही नाही. रुग्ण नुसता मलूल होतो किंवा बरळू लागतो. त्या पाण्यात एका घन मिलिमीटरमागे २५० पेक्षा जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी दिसल्या, तर कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या, अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू करतात.

आता मेंदूकडे वळू. अमोनियामुळे होणाऱ्या भ्रमाची सुरुवात बेशुद्धीने होत नाही. ती झोपेपासून होते: माणूस दिवसा पेंगतो आणि रात्री टक्क जागा राहतो. मग तो चिडचिडा होतो, पैसे मोजताना चुकतो, शर्टाची बटणे वरखाली लावतो. हात पुढे ताणून पंजे वर उचलून धरायला सांगितले तर ते पक्ष्याच्या पंखांसारखे फडफडतात. काही घरांत ही गोष्ट बँकेत उघडकीस येते, कारण सही जुळत नाही म्हणून कारकून स्लिप परत करतो. रोज वहीत एकदा सही करायला लावणे आणि एका मिनिटात किती प्राण्यांची नावे सांगता येतात ते मोजणे, या दोन गोष्टी घरी करता येतात. साधारण दहा नावेही निघत नसतील तर फोन करायची वेळ झालेली असते.

यावरचे मुख्य औषध लॅक्ट्युलोजचे गोड सिरप आहे, आणि नेमके तेच सर्वांत आधी बंद पडते. ‘आधीच अशक्तपणा, त्यात हे जुलाबाचे औषध कशाला?’ हे आजीचे म्हणणे ऐकायला अगदी रास्त वाटते. मधुमेह असेल तर गोडाची भीती असते, जरी ही साखर आतड्यातून जवळजवळ शोषलीच जात नाही. या औषधाचा डोस चमच्यांत मोजून उपयोग नाही. तो दिवसाला दोन ते तीन मऊ शौच होतील इतका असतो. आज एकदाच झाले तर चमचा वाढवायचा, पाच वेळा झाले तर कमी करायचा. ‘१५ मिली, दिवसातून तीनदा’ असे लिहून दिलेले कुटुंब ते इमानेइतबारे पाळते, रुग्णाला पाण्यासारखे जुलाब होतात, शरीर शुष्क पडते, आणि त्या शुष्कपणामुळेच भ्रम परत येतो. बद्धकोष्ठता, झोपेची गोळी, जंतुसंसर्ग, रक्तस्राव यांपैकी काहीतरी जवळजवळ प्रत्येक झटक्यामागे असते. ते शोधले नाही तर अमोनिया उतरवून भागत नाही. वारंवार झटके येणाऱ्यांना रिफॅक्सिमिन या प्रतिजैविकाची गोळी जोडली जाते, पण ती महाग आहे आणि महिनोन्‌महिने घ्यावी लागते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना मुख्यतः रुग्णालयातील उपचारांचा भार उचलतात. घरी लागणारे रोजचे औषध बहुतेकांच्या खिशातूनच जाते, आणि कुटुंबाची दमछाक तिथेच होते.

भ्रम झालेल्याला प्रथिने बंद करा, हा सल्ला एके काळी डॉक्टरच देत असत. तो आता मागे पडला आहे, पण शेजारपाजारी अजून जिवंत आहे. यकृत अमोनिया हाताळू शकत नाही तेव्हा त्याचा काही भाग स्नायू हाताळतात. स्नायू झडले तर भ्रम वाढतो. म्हणून वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत, असे आता सांगितले जाते. डाळ, मूग, दही, पनीर, अंडी, सगळे चालते. त्याहून महत्त्वाची आहे रात्रीची वेळ. सिरोसिसच्या यकृतात साखरेचा साठा जेमतेम असतो, त्यामुळे रात्रभराच्या उपवासातच या रुग्णाचे शरीर निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपवासाइतके खंगते आणि स्वतःचे स्नायू जाळू लागते. रात्री आठला जेवण आणि सकाळी नऊला चहा-बिस्किट, म्हणजे तेरा तास पोट रिकामे. झोपताना घेतलेली वाटीभर खीर किंवा दूध-पोळी हा इथे औषधाचाच भाग आहे. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार यांचे उपास अशा माणसाने करू नयेत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीच सांगितले तर ते पटते.

रक्ताच्या उलटीबद्दल थोडक्यात सांगायचे, तर ती रोखण्याचे दोन मार्ग आहेत. एंडोस्कोपीने फुगलेल्या शिरांना रबरी बँड लावतात, आणि दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने शिरा नाहीशा होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा करावे लागते. पहिल्या बँडिंगनंतर उलटी थांबली म्हणून दुसरे टाळणारे खूप असतात. दुसरा मार्ग प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलोल या गोळ्यांचा. पोर्टल शिरेतला दाब त्या उतरवतात, पण रुग्णाचा वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेला तर त्याच गोळ्या मूत्रपिंडांना भोवतात. शौच डांबरासारखे काळे, चिकट आणि दुर्गंधीयुक्त झाले तर तीही रक्तस्रावाचीच खूण असते; उलटीची वाट पाहू नये. लोहाच्या गोळीनेही शौच काळसर होते, पण ते असे चिकट नसते.

गावच्या औषध दुकानात या आजाराचे सर्वांत मोठे नुकसान अगदी सहज होते. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक, अंग दुखते म्हणून आयबुप्रोफेन. अशी वेदनाशामके एका झटक्यात मूत्रपिंडेही बिघडवतात आणि रक्तस्रावही घडवतात. लोकांना भीती मात्र पॅरासिटामॉलची असते, जे दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, डॉक्टरांना विचारून, अशा रुग्णांत त्यामानाने सुरक्षित समजले जाते. कावीळ उतरवण्याची माळ घातल्याने थेट काही बिघडत नाही, पण तिच्यासोबत पोटात घ्यायला मिळणाऱ्या पुडीत काय आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. गुळवेलही सर्वांना निर्धोक वाटते. तरीही करोनाकाळात ती नियमित घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. गुळवेलच कारण होती का, यावर वाद झाला. पण ज्याचे यकृत आधीच टेकीला आले आहे, त्याने हा प्रयोग स्वतःवर करून पाहू नये, एवढे त्यातून घेता येते. त्याहून वाईट म्हणजे ‘न कळत दारू सोडवणारे’ औषध जेवणात कालवणे. त्यात डायसल्फिराम असू शकते, आणि ते स्वतःच यकृताला इजा करते.

दारूचा विषय निघाला की उपचार आणि न्यायनिवाडा यांची गल्लत होते. ज्याला आयुष्यात दारू माहीत नाही अशा मधुमेही बाईलाही ‘खरे सांगा’ म्हणून विचारले जाते, आणि जो पीत होता तो लाजेने तपासणीलाच यायचे बंद करतो. मूळ कारणावर इलाज करण्यातच सर्वांत मोठा फायदा असतो. हिपॅटायटिस सी बहुतेकांत काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बी आटोक्यात राहतो, मात्र त्याची गोळी मनाने कधीही बंद करू नये, कारण विषाणू उसळून यकृत अचानक निकामी होऊ शकते. २०१८ पासून केंद्राच्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या दोन्हींच्या तपासण्या आणि औषधे मोफत मिळतात. कारण दूर झाले, की काही रुग्णांत पाणी आणि भ्रम औषधांविनाही परत येत नाहीत. या सुधारणेची नेमकी व्याख्या पोर्टल शिरेतल्या वाढत्या दाबावरील तज्ज्ञांच्या २०२१ च्या बावेनो परिषदेत पहिल्यांदा ठरवली गेली. मात्र बरे वाटू लागले तरी यकृताच्या कर्करोगाचा धोका सरत नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि जोडीला एएफपी ही रक्ततपासणी चालूच ठेवावी लागते. तब्येत ठीक असताना तिकीट काढून सोनोग्राफीला जाणे जिवावर येते, आणि गाठ लहान असताना सापडण्याची संधी नेमकी तेव्हाच असते.

प्रत्यारोपणाचा विचार कधी करायचा, यासाठी बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन आणि सोडियम यांवरून ‘मेल्ड’ नावाचा गुणांक काढतात. तो पंधराच्या पुढे गेला, किंवा जलोदर-भ्रमासारखी गुंतागुंत झाली, की प्रत्यारोपण केंद्रात निदान नाव तरी पोहोचले पाहिजे. पण गुणांकात भ्रम मोजला जात नाही, पाणी मोजले जात नाही, झडलेले स्नायूही मोजले जात नाहीत. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी पाणी काढावे लागणारा माणूस कागदावर यादीत खाली राहू शकतो. महाराष्ट्रात मृत दात्यांच्या अवयवांचे वाटप मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय समित्यांमार्फत होते. परंतु भारतात बहुतेक यकृत-प्रत्यारोपणे जिवंत नातेवाइकाने दिलेल्या यकृताच्या भागावर होतात. तेव्हा प्रश्न रक्तगट आणि पैसे यांपुरता राहत नाही. मुलाने द्यायचे की बायकोने, आणि ‘नाही’ म्हणायची मोकळीक घरात कोणाला आहे, हेही त्यात येते. प्रत्यारोपण केंद्रासाठीची पहिली चिठ्ठी रुग्ण चालता-फिरता असताना मिळाली, तर या बोलण्याला वेळ मिळतो. अतिदक्षता विभागाच्या दाराशी तो मिळत नाही.

ज्यांचे प्रत्यारोपण होणार नाही, अशांची संख्या होणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे. त्यांच्या पायांत रात्री येणारे गोळे, अंगाची खाज, दर काही दिवसांनी पाणी काढायला करावा लागणारा प्रवास, यांची काळजी घेणारा विभाग बहुतेक ठिकाणी नसतो, आणि वेदनाशमन-सेवा म्हणजे कर्करोगच अशी समजूत असल्याने त्यांना तिकडे कोणी पाठवतही नाही. पुढच्या वेळी व्हेंटिलेटर लावायचा का, रुग्णालयात न्यायचे की घरीच ठेवायचे, पैसा कुठवर घालायचा, हे रुग्णाला स्वतःला विचारावे लागते. आणि या आजारात शेवटी उत्तर देण्याची शुद्धच जाते. असे विचारायला सोयीची वेळ बहुधा एकच असते: भ्रमाच्या पहिल्या झटक्यातून बाहेर आल्यानंतरचा तो आठवडा, जेव्हा वहीतली सही पुन्हा ओळीवर येऊ लागते.